ड्रायव्हरच्या बाजूचं दार

कवळीवाल्यांना संशय यायला फारसं काही लागत नसे. दूधवाला उशिरा आला तर तो वाटेत दुधात पाणी घालत बसला असणार, आणि वेळेवर आला तर आज हा एवढा वेळेवर कसा, असा त्यांचा हिशेब. यात त्यांचा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त. उभा जन्म त्यांनी दातांच्या कवळ्या घडवण्यात घालवला होता. समोरचा माणूस हसला की इतरांना हसू दिसतं; यांना आधी दात दिसत, आणि मग प्रश्न पडे की हे खरे की खोटे. दवाखान्यांच्या दर्शनी पाट्यांवर डॉक्टरांची नावं असत आणि मागच्या खोलीत मेण, साचे आणि हे. म्हणून गल्लीत त्यांना कोणी कोणी 'अर्धे डॉक्टर' म्हणत. त्यांचा जुना मित्र पेंटर त्यातही काटकसर करून नुसतं 'अर्ध्या' म्हणे.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. इतके उंच की यांना शिडी लागते कशाला, असं लोक विचारत. अक्षर काढताना त्यांना पट्टी लागत नसे. हाताने ओढली की रेघ सरळच यायची. आता दोघंही कामातून मोकळे झाले होते आणि दोघांनाही एकच वेड होतं, अर्धं अर्धं वाटून घेतलेलं. पेंटर बसगाड्यांचे आणि रेल्वेगाड्यांचे फोटो काढत. त्या फोटोंवरून कवळीवाले प्लास्टिकच्या चिमुकल्या विटांची हुबेहूब गाडी उभी करत. त्या विटांना कोणी 'ठोकळे' म्हटलं की कवळीवाल्यांचं डोकं फिरे. ठोकळे मुलांचे, विटा यांच्या.

कवळीवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या संसारात. त्यामुळे पेंटर आणि वहिनी, म्हणजे पेंटरांची बायको, हेच काय ते त्या घरातलं येणंजाणं. ही दोन माणसं तुटली असती तर कवळीवाल्यांना दिवसातून एक शब्द बोलायलाही कोणी उरलं नसतं. पण डोक्यात संशय शिरला की माणूस एवढा साधा हिशेबही विसरतो.

पेंटरांच्या फोटोची एक रीत होती. ऊन पाठीशी, गाडी तिरकी, पुढचं तोंड आणि एक बाजू पूर्ण, आणि चौकटीत माणूस नको. कोणी पिशवी घेऊन मध्ये आलं तर ते जाईपर्यंत थांबायचं, आणि तोवर गाडी निघून गेली तर पुढच्या गाडीपर्यंत थांबायचं. त्यांच्या उंचीमुळे आणि कॅमेरा डोक्यावर धरायच्या सवयीमुळे बसचा टपसुद्धा फोटोत येई, आणि टपावरची हवेची झाकणं मोजता येत. मॉडेल तयार झालं की पेंटर येऊन त्याच्याभोवती फेऱ्या मारत आणि खोट काढत.

"अर्ध्या, मागचा दिवा वीटभर खाली आलाय."

"फोटो तूच वाकडा काढलास."

"फोटो सरळ आहे, तुझी मान वाकडी आहे."

असं एक कडकडीत भांडण झालं की दोघांचाही आठवडा बरा जाई.

मग गेल्या काही महिन्यांत फोटो बदलले. गाडी खालून घेतलेली दिसू लागली. टप गायब. आणि चौकटीत माणसं! खिडकीतून हात हलवणारी पोर, स्टीअरिंगवर हनुवटी टेकून हसणारा ड्रायव्हर, दारात अडकलेली छत्री ओढणारे एक आजोबा. फोटो वाईट नव्हते, पण कवळीवाल्यांना ड्रायव्हरच्या हसण्याचं काय करायचं होतं? त्यांना खिडक्यांच्या पट्ट्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, तर पेंटर म्हणाले, "माणसांशिवाय बस म्हणजे डबाच की रे." हे वाक्य पेंटरांच्या तोंडचं नव्हतं. कवळीवाल्यांच्या मनात पहिली पाल तेव्हा चुकचुकली.

दुसरी चुकचुकली चहावरून. पेंटर आता यांच्याकडे चहा घेईनात. आले की पँटच्या खिशात हात घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "नको, आत्ताच झाला." कुठे झाला? कोणाकडे झाला? चहा हा काय असा पदार्थ आहे की तो दोनदा होऊ नये?

तिसरी पाल मात्र चुकचुकली नाही, सरळ अंगावर पडली. मॉडेलवाल्यांच्या मंडळात एक नवा इंजिनिअर आला होता. बुटका, गोड बोलणारा, स्वतःचा महागडा कॅमेरा बाळगणारा. मंडळाच्या बैठकीत कवळीवाल्यांनी आपली लाल बस मांडली, तर या गृहस्थांनीही नेमकी तीच बस आणलेली. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याच्या बसच्या टपावर तीन झाकणं होती, यांच्या बसवर दोन. तीन बरोबर होती. फोटोत टप नव्हता म्हणून कवळीवाल्यांनी पेंटरांना विचारूनच दोन लावली होती. "लाव रे दोन, कोण चढून बघतोय," असं पेंटर म्हणाले होते. जो माणूस वीटभर दिव्यासाठी तासभर भांडायचा, तो म्हणतो कोण चढून बघतोय! मंडळातले लोक हसले नाहीत, पण त्यांचे दात कवळीवाल्यांना दिसले.

घरी येऊन त्यांनी कवळ्या तपासायचं जुनं भिंग काढलं आणि त्या लाल बसचे फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत, बसच्या बंद दाराच्या काचेत, फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलं होतं. अंगात ढगळ जॅकेट, खांद्याला पिशवी, कॅमेऱ्यामागे लपलेला चेहरा. आणि उंची? दाराच्या मधल्या दांड्याच्याही खाली. त्या दांड्याखालून जायचं तर पेंटरांना वाकावं लागलं असतं.

बुटका, कॅमेरेवाला. आता आणखी काय हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला! कवळीवाल्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. पेंटर इंजिनिअरला जाऊन मिळाले होते. फोटो इंजिनिअर काढणार, टप दिसणारे चांगले स्वतःकडे ठेवणार आणि उरलेले माणसांनी भरलेले फोटो पेंटरांच्या हाती यांच्याकडे येणार. चहाही तिथेच होत असणार. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण त्यांनी आयुष्यभर विनोदासाठी वापरली होती. आज ती त्यांना चावली.

सरळ जाऊन विचारलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण संशयी माणूस विचारत नाही, परीक्षा घेतो.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं आणि यंदा यांचा बेत होता जोडबसचा. गावात नुकतीच आलेली, मध्ये भात्यासारखा रबरी जोड असलेली लांबलचक बस. ती अजून चाचणीवरच होती आणि रविवारी सकाळी तेवढी आगाराबाहेर पडत असे. कवळीवाल्यांनी पेंटरांनी दिलेल्या फोटोंवरून ती बांधायला घेतली, भाता जमवला, वळताना मधोमध वाकेल अशी कड्या-खुंट्यांची युक्ती केली. आणि मग सगळी बस चोख झाल्यावर पुढचं दार काढून ते ड्रायव्हरच्या बाजूला लावलं. म्हणजे त्या बसमधले उतारू फुटपाथवर न उतरता थेट भर रस्त्यात, धावत्या मोटारींपुढे उतरणार. विटांच्या गाड्या बांधणारा माणूस दिवा विसरेल, आरसा विसरेल, पण ही चूक करणार नाही. वरच्या जबड्याची कवळी खालच्या जबड्यात बसवण्यातला तो प्रकार. कवळीवाल्यांनी ते दार दोनदा लावून काढलं, पण तिसऱ्यांदा लावलं ते तसंच ठेवलं.

हिशेब सोपा होता. पेंटर आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतील तर ते आपले. गप्प बसतील तर त्यांना हे मॉडेल प्रदर्शनात असंच जायला हवंय, इंजिनिअर जिंकायला हवाय.

शुक्रवारी पेंटर आणि वहिनी आले. कवळीवाल्यांनी टेबलावरचं फडकं काढलं आणि मॉडेलकडे न बघता पेंटरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

पेंटर खिशात हात घालून वाकले. पुढून पाहिलं. डावीकडून पाहिलं. मग उजवीकडे आले आणि तिथेच थांबले. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मॉडेलकडे, मग कवळीवाल्यांकडे.

"छान झालीय," पेंटर हळूच म्हणाले. "सुरेख झालीय, अर्ध्या."

सुरेख! इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही सुरेख म्हटलं नव्हतं.

"काही खोट?" कवळीवाल्यांनी विचारलं. "नीट बघ हं. एखादी वीट इकडची तिकडे?"

"नाही रे. काही नाही. तू जेवलास का? नीट जेवतोस ना?"

बघा. विषयही बदलला. कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ते म्हणाले, "जेवलो." वहिनी जाताना दारात जरा घुटमळल्या. "भावजी, बरं वाटतंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. यांना तोही कटाचाच भाग वाटला.

रविवारी सकाळी कवळीवाले कानटोपी घालून आगाराच्या फाटकासमोर, वर्तमानपत्रांच्या टपरीमागे जाऊन उभे राहिले. या वयात पाळत ठेवायची म्हणजे गंमत नाही. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, पेपर हवाय का, म्हणून त्यांनी एक घेतला आणि उलटा धरला.

थोड्या वेळाने पेंटर आले. त्यांच्याबरोबर बुटका माणूस होता, ढगळ जॅकेट, खांद्याला पिशवी. सापडले! मग त्या माणसाने मान वळवली आणि त्या वहिनी होत्या. अंगात पेंटरांचं जुनं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात पेंटरांचा कॅमेरा.

फाटकातून जोडबस निघाली. वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला. पेंटर त्यांच्या मागे उभे राहून सांगत होते, "थोडी डावीकडे. ऊन बघ. आता, आता नको, तो सायकलवाला जाऊ दे..." पण वहिनींनी सायकलवाल्यासकट फोटो काढला. पेंटर वैतागून काही दाखवायला गेले आणि त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

तो हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. मनगटापासून बोटांपर्यंत, धन्याला न विचारता, आपला आपण हलत होता. पेंटरांनी तो डाव्या हाताने दाबून धरला, तर दोन्ही हलायला लागले. वहिनींनी कॅमेरा सोडला, त्यांचा हात धरला आणि काही न बोलता परत खिशात घालून दिला. ही त्यांची रोजची सवय असावी इतक्या सहज.

कवळीवाल्यांना एकदम सगळं दिसलं. चहा का नको, कप कसा धरणार. टप का दिसत नाही. "लाव रे दोन" का. ज्या हाताला पट्टी लागत नव्हती, तो हात. त्यांना इतकी लाज वाटली की टपरी फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. ते मागल्या मागे घरी आले आणि पहिल्यांदा जाऊन त्यांनी जोडबसवर फडकं टाकलं. दार आता लगेच बदलावं, असं मनात आलं, पण हात उचलेना.

पण पापाची फळं रांगेत उभी होती. संध्याकाळी लेक आली, अवेळी, आणि तिच्या मागोमाग पेंटर आणि वहिनी.

लेकीने चप्पल काढायच्या आत विचारलं, "बाबा, आज वार कुठला?"

"तू आलीस म्हणजे काहीतरी विशेष वार असणार."

"चेष्टा नको. सांगा ना."

"रविवार. का गं?"

लेकीने पेंटरांकडे पाहिलं. पेंटर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्यांचे डोळे भरून आले होते. "मीच फोन केला हिला," ते म्हणाले. "रागावू नकोस. आधी टपाची झाकणं चुकली, तेव्हा म्हटलं असेल, मीच नीट सांगितलं नव्हतं. पण अर्ध्या, दार! तू दार ड्रायव्हरच्या बाजूला लावलंस. आणि मी समोर उभा राहून बघतोय, आणि तू म्हणतोस काही खोट? मला दोन रात्री झोप नाही. तुला तोंडावर कसं सांगू की तुझं... होतं रे वयोमानाने. माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती."

म्हणजे पेंटर गप्प बसले होते ते यासाठी. इकडे हे त्यांना चोर ठरवत होते आणि तिकडे ते यांना साठी बुद्धी नाठी ठरवून रडत होते. लेकीने फडकं काढून दाराकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तिलाही बसचं दार कुठे असतं ते कळत होतं. "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "आणि बाबा, हे विटाबिटा आता पुरे. माझ्याकडे चला."

कवळीवाल्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. मी मुद्दाम लावलं. माझं डोकं ठणठणीत आहे. पण मग पुढचं वाक्य येणारच होतं. मुद्दाम का? आणि त्याचं उत्तर मांड्यांखाली हात दाबून बसलेल्या या माणसाला, लेकीसमोर, द्यावं लागणार होतं. तुझ्यावर मला भरवसा नव्हता म्हणून. आणि मी तुझा हात पाहिला.

आयुष्यात केसभर चूक खपवून न घेतलेला तो माणूस घसा साफ करून म्हणाला, "चुकलं खरं. लक्षातच आलं नाही बघ."

"बघितलंत?" लेक पेंटरांना म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

"येतो डॉक्टरांकडे," कवळीवाले म्हणाले. "पण घर सोडायचं नंतर बघू."

ते चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात आले. वहिनी मागोमाग आल्या आणि त्यांनी कप मांडायला घेतले, तीन.

"टपरीमागे उभे होतात सकाळी," त्या कपांकडे बघतच म्हणाल्या. "पेपर उलटा होता."

कवळीवाल्यांनी गॅस पेटवला, पण पातेलं ठेवायचं राहिलं.

"यांनी नाही पाहिलं तुम्हाला. हातांचं तुम्हाला कळलं तर तुम्ही दुसरा फोटोवाला शोधाल, या भीतीने यांनी मला कॅमेरा शिकवला. भर उन्हात, आठवडे न् आठवडे. मला बसमधलं काय कळतंय? मला माणसं दिसली की मी बटण दाबते." त्यांनी पातेलं उचलून गॅसवर ठेवलं. "आणि तुम्ही ते दार मुद्दाम लावलं होतं. ना? आम्हाला बघायला."

"वहिनी, मी..."

"चूक झाली असती तर बरं झालं असतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच कवळीवाल्यांना मान वर करता येईना. "म्हातारपणाची चूक आम्ही सांभाळली असती. हे यांना मी कसं सांगू? नाही सांगणार. पण तुम्हीही सांगू नका. एवढं तरी करा."

बाहेरून पेंटरांची हाक आली. "अर्ध्या, इकडे ये. ते दार काढून टाकू. घाबरू नकोस, मी बसतो शेजारी. एकेक वीट सांगतो, तू लाव."

कवळीवाले बाहेर गेले. टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि दाराच्या विटा एकेक करून सोडवल्या. हातात घेतल्यावर त्यांना डोळे मिटूनही ती जागा सापडली असती. पेंटर खुर्ची सरकवून जवळ आले. त्यांचे हात मांड्यांखालीच होते, आणि चेहऱ्यावर आजाऱ्याशी बोलताना असते तशी माया होती.

कवळीवाल्यांनी दार त्यांच्यासमोर धरलं.

"सांग," ते म्हणाले. "कुठल्या बाजूला लावू?"